डाकोटाचं नाक लांब का झालं?

गळीत हंगामात सांगली-इस्लामपूर पट्ट्यात बैलगाडीत ऊस भरताना थांबून बघा. गाडीवान मोळ्या रचता रचता पुढे येतो आणि जुवाचा भार हाताने अजमावतो. मागे वजन जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याखालचा पट्टा आवळतो. मग चार मोळ्या पुढे सरकतात. दुसऱ्या महायुद्धातल्या डाकोटा विमानांना नवं इंजिन बसवताना हीच अडचण येते.

डाकोटा म्हणजे डीसी-३ या प्रवासी विमानाचं लष्करी रूप. मूळ विमान १७ डिसेंबर १९३५ रोजी पहिल्यांदा उडालं. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला आपले जवान उतरवले ते डाकोटांनीच. ही विमानं अजून टिकली, याचं एक कारण मला फार सुंदर वाटतं. आजच्या प्रवासी विमानात उंचीवर हवेचा दाब राखावा लागतो. प्रत्येक उड्डाणात पत्रा ताणला जातो, सैल होतो आणि हळूहळू थकतो. डाकोटात दाब राखतच नाहीत, त्यामुळे सांगाड्याला हा त्रास नाही. म्हातारं होतं ते इंजिन.

जुन्या इंजिनात १४ सिलिंडर, दोन गोल रांगांत मांडलेले. ताकद १,२०० अश्वशक्ती. विमान उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तसंच चालू केलं तर पिस्टन तेलावर आदळून दांडा वाकतो. म्हणून सुरू करण्याआधी माणसं पंखा हाताने फिरवून घेतात. शिवाय त्याला लागणारं विमानाचं खास पेट्रोल आता सगळीकडे मिळत नाही.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशची बास्लर कंपनी या जुन्या इंजिनाच्या जागी पीटी-६ हे टर्बोप्रॉप, म्हणजे तप्त वायूच्या झोताने पंखा फिरवणारं इंजिन, बसवते. त्याची गंमत घरी करून बघता येईल. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा; वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. पीटी-६ मध्येही तसंच. इंधन जाळून तप्त वायू तयार करणारा भाग वेगळा, पंखा फिरवणारं चाक वेगळं. दोघांना जोडणारा दांडा नाही, मधे फक्त वायूचा झोत.

हे इंजिन ताकदीला जुन्याच्या तोडीस तोड, पण वजनाला निम्म्याहून कमी. आणि पंचाईत होते ती इथेच. पुढचा भार घटला की विमान उलाळ! त्यावर बास्लरची माणसं पंखांच्या पुढे विमानाचं धड कापून ४० इंचांचा नवा तुकडा जोडतात. नाकाचं वजन तेवढंच, पण टेकूपासून, म्हणजे पंखांपासून, लांब गेलं की त्याचा जोर वाढतो. शिवाय आत सामानाला जागाही मिळते.

पंखाही बदलतो. जुन्याची पाती तीन, लांबलचक. पात्याचं टोक ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की गोंगाट वाढतो, ताकद वाया जाते. जुन्या पंख्याचं टोक उड्डाणाच्या वेळी सेकंदाला सुमारे २७५ मीटर वेगाने फिरतं, आणि ध्वनीचा वेग ३४०. नवा पंखा आखूड, पण पाच पात्यांचा. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्कीचं पातं नीट बघा. बुंध्याशी ते तिरकं आणि टोकाकडे सपाट होत गेलेलं दिसेल. विमानाच्या पात्यालाही असाच पीळ असतो. नव्या पवनचक्क्यांत वारा फार झाला की पाती बुंध्यातून वळून वाऱ्याला धार दाखवतात. उडताना एक इंजिन बंद पडलं, तर विमानाच्या पंख्याची पातीही तशीच वळवतात, म्हणजे तो हवेला अडत नाही.

तोटाही सांगायला हवा. टर्बोप्रॉप तासाला जुन्या इंजिनापेक्षा जास्त इंधन पितं. पण ते रॉकेलच्या जातीचं, जेट विमानांचंच. अंटार्क्टिकाच्या बर्फावर जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेची 'पोलर ५' आणि 'पोलर ६' ही बास्लरची विमानं संशोधनासाठी उडतात. आपल्या हवाई दलाला २०१८ मध्ये भेट मिळालेल्या 'परशुराम' डाकोटाचं मात्र इंजिन जुन्याच घडणीचं ठेवलंय. मला ते फार योग्य वाटतं. त्याला बर्फावर सामान वाहायचं नाही. १९४७ साली श्रीनगरला घुमला तोच आवाज नव्या पोरांच्या कानावर घालायचा आहे.