टर्म शीट हातात आली: व्हीसीचे पैसे कंपनीत येईपर्यंतची कागदपत्रं

टर्म शीटवर, म्हणजे व्हेंचर कॅपिटल (व्हीसी) फंड तुमच्या स्टार्टअपमध्ये कोणत्या अटींवर पैसे घालणार याच्या प्राथमिक कागदावर, सही झाली की पेढे वाटले जातात. वाटा, हरकत नाही. पण त्यातल्या बहुतेक अटी कायद्याने कुणालाच बांधत नाहीत. गुप्तता पाळायची आणि ठरावीक दिवस दुसऱ्या गुंतवणूकदाराशी बोलायचं नाही, एवढंच साधारणपणे बंधनकारक असतं. पैसे कंपनीत येतात ते कंपनी कायदा 2013 च्या कलम 42 मधल्या खाजगी वाटपाच्या, म्हणजे प्रायव्हेट प्लेसमेंटच्या वाटेने. ही वाट क्रमाने चालावी लागते. मधली पायरी गाळली तर पुढे मागे येऊन ती दुरुस्त करणं महाग पडतं.

आधी पात्रता. व्हीसी फंडाला बहुधा सीसीपीएस हवे असतात, म्हणजे पुढे सक्तीने समभागांत रूपांतर होणारे अग्रहक्क भाग. असे भाग फक्त कंपनीच देऊ शकते, एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) किंवा साधी भागीदारी नाही. तुमची एलएलपी असेल तर आधी तिचं यूआरसी-1 फॉर्म भरून कंपनीत रूपांतर करावं लागेल आणि त्याला वेळ लागतो, म्हणून टर्म शीटची वाट न बघता सुरुवात करा. फंड सेबीच्या 2012 च्या एआयएफ (पर्यायी गुंतवणूक निधी) नियमावलीखाली नोंदलेला आहे ना, हे त्याच्या नोंदणी क्रमांकावरून सेबीच्या संकेतस्थळावर तपासा. तो तुमची कुंडली मांडतो, तुम्हीही त्याची मांडायला हरकत नाही.

डीपीआयआयटी या केंद्र सरकारच्या उद्योगविषयक विभागाची स्टार्टअप मान्यता सीसीपीएससाठी सक्तीची नाही. ती लागते ती कन्व्हर्टिबल नोटवर, म्हणजे पुढे भागांत बदलता येणाऱ्या कर्जावर, पैसे घेताना: एका गुंतवणूकदाराकडून एकाच हप्त्यात किमान 25 लाख रुपये आणि 10 वर्षांच्या आत रूपांतर किंवा परतफेड, या अटींवर मान्यताप्राप्त स्टार्टअपची नोट ठेवीच्या नियमांतून सुटते. पूर्वी एंजल टॅक्सच्या, म्हणजे रास्त मूल्यापेक्षा जास्त किमतीला भाग दिल्यास त्या जादा रकमेवर लागणाऱ्या कराच्या, धास्तीनेही लोक ही मान्यता घ्यायचे. तो कर जुलै 2024 च्या अर्थसंकल्पाने काढून टाकला.

ड्यू डिलिजन्सला, म्हणजे गुंतवणुकीआधीच्या तपासणीला, मागतात ते कागद: स्थापना प्रमाणपत्र, एमओए-एओए (कंपनीची घटनापत्रिका आणि अंतर्गत नियमावली), पॅन, लेखापरीक्षित ताळेबंद, जीएसटी आणि टीडीएसची विवरणपत्रं, भागधारकांची यादी, फाउंडरांमधला करार, मोठ्या ग्राहकांशी केलेले करार. हे सीएकडे मिळतं. अडतं ते भलतीकडेच. डोमेन एका फाउंडरच्या भावाच्या नावावर, सुरुवातीचा कोड कॉलेजातल्या मित्राने लिहिलेला आणि त्याने हक्क कंपनीला लिहून दिलेलेच नाहीत. ट्रेडमार्कचा अर्ज वैयक्तिक नावाने. वकील नेमकं इथेच बोट ठेवतात, म्हणून हे हक्क कंपनीच्या नावावर आधीच करून घ्या.

अधिकृत भागभांडवलात, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त किती रकमेचे भाग देऊ शकते त्या मर्यादेत, नव्या भागांना जागा आहे का तेही बघा. नसेल तर भागधारकांचा ठराव करून 30 दिवसांत कंपनी निबंधकाकडे एसएच-7 फॉर्म भरायचा. मग भागांच्या किमतीबद्दल नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल. तो ‘आपल्या सीएने’ सही करून चालत नाही. मूल्यांकक आयबीबीआय (दिवाळखोरी मंडळ) या नियामकाकडे नोंदलेला हवा. शिवाय आता एआयएफने घेतलेली नवी गुंतवणूक डीमॅटमध्येच ठेवावी लागते, त्यामुळे कंपनीला आयएसआयएन, म्हणजे भागांचा ओळख क्रमांक, काढावा लागतो. त्यासाठी भागांची नोंद ठेवणारा रजिस्ट्रार नेमणं, डिपॉझिटरीशी करार हे सगळं आलं. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

आता ठराव. संचालक मंडळाची बैठक, मग भागधारकांची असाधारण सर्वसाधारण सभा. तिची सूचना पूर्ण 21 दिवस आधी जायला हवी. 95 टक्के भाग हाती असलेल्या बहुसंख्य भागधारकांनी संमती दिली तर कमी मुदतीतही चालतं. विशेष ठराव मंजूर झाला की तो एमजीटी-14 मधून कंपनी निबंधकाकडे दाखल करा आणि त्यानंतरच पीएएस-4 हे प्रस्तावपत्र फंडाला पाठवा. एमजीटी-14 ला 30 दिवस मिळतात म्हणून अनेकजण तो मागे ठेवतात आणि पीएएस-4 आधी पाठवून मोकळे होतात. हा क्रम कायद्याला चालत नाही.

याच काळात समाजमाध्यमांवर ‘गुंतवणुकीचा राउंड सुरू आहे, इच्छुकांनी मेसेज करा’ असं लिहू नका. खाजगी वाटपाची जाहिरात करायला मनाई आहे. सोबत एंजल, म्हणजे स्वतःचे पैसे घालणारे, गुंतवणूकदार घेत असाल तर आर्थिक वर्षात 200 जणांपलीकडे प्रस्ताव देता येत नाही.

पैसे बँकेतूनच यायला हवेत, गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या खात्यातून आणि तुमच्या वेगळ्या खात्यात. रोजच्या चालू खात्यात नाही. पैसे आल्यापासून 60 दिवसांत भागांचं वाटप व्हायला हवं. नाही झालं तर पुढच्या 15 दिवसांत रक्कम परत आणि तीही चुकली तर 12 टक्के व्याज. वाटप झाल्यावर 15 दिवसांत पीएएस-3, म्हणजे वाटपाच्या विवरणपत्राचा फॉर्म, कंपनी निबंधकाकडे दाखल करायचा. उशीर झाला तर कंपनी, प्रवर्तक आणि संचालक यांना दिवसाला 1,000 रुपये दंड, कमाल 25 लाख.

आणि हे नीट ऐका: पीएएस-3 दाखल होईपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. खात्यात कोटभर रुपये दिसतात, महिनाअखेर आलेली असते, चार जणांचे पगार थकलेले असतात, आणि ‘उद्या फॉर्म भरणारच आहोत’ म्हणून त्यातून पगार जातात. पुढच्या राउंडचा वकील बँकेचं स्टेटमेंट आणि पीएएस-3 ची तारीख शेजारी ठेवतो आणि पहिला प्रश्न तोच विचारतो. खाजगी वाटपाचे नियम मोडले तर दंड उभारलेल्या रकमेइतका किंवा 2 कोटी, यांपैकी जो कमी तो, इथपर्यंत जाऊ शकतो. पगाराची सोय आधीच वेगळी करून ठेवा.

मुद्रांक शुल्काची मात्र धास्ती नको. 1 जुलै 2020 पासून भाग देताना ते 0.005 टक्के आहे, म्हणजे एक कोटीवर 500 रुपये.

फंड परदेशी असेल तर आणखी एक दार आहे. फेमा या परकीय चलन कायद्याखालचं मूल्यांकन वेगळं लागतं, बँकेकडून पैसे आल्याचा दाखला आणि गुंतवणूकदाराचं केवायसी घ्यावं लागतं, आणि भाग दिल्यापासून 30 दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर एफसी-जीपीआर हा फॉर्म भरावा लागतो. भारताशी जमिनीची सीमा असलेल्या देशातला पैसा असेल तर एप्रिल 2020 च्या प्रेस नोट 3 मुळे सरकारी परवानगीचा विषय निघू शकतो. फंडामागे खरा मालक कोण, हे म्हणून पहिल्याच बैठकीत विचारा. फंड भारतातला असून त्याचा मॅनेजर किंवा स्पॉन्सर परदेशी मालकीचा असेल, तर ती अप्रत्यक्ष परदेशी गुंतवणूक धरली जाऊ शकते. तसं नसल्याचं लेखी मागून घ्या.

फंडाचा प्रतिनिधी संचालक म्हणून येणार असेल तर नेमणुकीपासून 30 दिवसांत कंपनी निबंधकाकडे डीआयआर-12 हा फॉर्म भरायचा. एओए बदलली असेल तर तिचाही एमजीटी-14.