अर्ज तोच, आडनाव वेगळं

‘शहरात आता जात कोण बघतं? खासगी कंपनीला फक्त काम येणारा माणूस हवा असतो.’ आरक्षणाचा विषय निघाला की हे वाक्य येतंच. त्यावर वाद घालण्यापेक्षा ते तपासता येतं.

नकार मिळालेल्या उमेदवाराला कारण कळत नाही. कंपनी ‘आम्ही गुणवत्ताच बघतो’ म्हणणार, आणि ते तिला मनापासून खरंही वाटत असेल. नुसत्या आकडेवारीत शिक्षण, शाळा, ओळखीपाळखी सगळं एकमेकांत गुंतलेलं. त्यातून जातीचा परिणाम सुटा कसा काढायचा?

अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी काल्पनिक उमेदवार तयार केले. पदवी तोलामोलाची, अनुभव तोलामोलाचा. फरक फक्त नावात. एक नाव उच्चजातीय हिंदू, एक दलित, एक मुस्लिम. इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या 548 जाहिरातींना 66 आठवड्यांत 4,808 अर्ज गेले. एखाद्या कंपनीने एखाद्या अर्जाला उत्तर दिलं नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही; टपाल गहाळ झालं असेल, जागा भरली असेल. पण असे योगायोग तिन्ही नावांच्या वाट्याला सारखेच येतात. शेकडो जाहिरातींनंतरही एकच नाव मागे पडत राहिलं, तर कारण नावातच शोधावं लागतं.

निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. समजा, एका गटात मुलाखतीचं बोलावणं आलेले आणि न आलेले यांचं गुणोत्तर काढलं. उच्चजातीय नावांचं हे गुणोत्तर 1 धरलं, तर दलित नावांचं 0.67 आणि मुस्लिम नावांचं 0.33 भरलं. (हे गुणोत्तरांचं गुणोत्तर आहे, ‘33 टक्के कमी बोलावणी’ असा त्याचा थेट अर्थ होत नाही.)

स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढवून नशीब पालटून देणाऱ्या अंकज्योतिषांनी थोरात-अ‍ॅटवेल यांचा हा शोधनिबंध जरूर वाचावा. नावाचा परिणाम होतो, पण तो अक्षरांच्या बेरजेमुळे नाही. नाव वाचणाऱ्याच्या मनात जो समाज बसलेला असतो, त्यामुळे होतो.

चित्र सगळीकडे सारखं नाही. दिल्लीतल्या अशाच एका प्रयोगात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीनुसार फरक आढळला नाही, कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र आढळला. शिवाय ही पद्धत बोलावणं येईपर्यंतच मोजते. पुढच्या टप्प्यासाठी समाजशास्त्रज्ञ सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ व्यवस्थापकांशी सविस्तर बोलणं केलं. गुणवत्तेवर सगळ्यांची निष्ठा होती. तरी मुलाखतीत उमेदवाराच्या घराण्याची, आईवडिलांची चौकशी बहुतेक जण करत होते.