ट्रेड डेडलाइन (बेसबॉल)

अमेरिका व कॅनडातील ३० संघांच्या मेजर लीग बेसबॉल या स्पर्धेत हंगाम चालू असताना खेळाडूंची आपसांत अदलाबदल करण्यासाठी ठरवून दिलेल्या अंतिम मुदतीस ट्रेड डेडलाइन असे म्हणतात. ही मुदत जुलैअखेरीस किंवा ऑगस्टच्या पहिल्या दिवसांत संपते. त्याआधीच्या काही आठवड्यांत प्रत्येक संघाचा जनरल मॅनेजर, त्याचे निरीक्षक आणि आकडेतज्ज्ञ कोणाला द्यावे, कोणाला घ्यावे आणि त्यासाठी किती किंमत मोजावी, याचा हिशेब मांडत असतात.

मुदतीचा नियम एका वादातून आला. १९२२च्या जुलैत न्यूयॉर्क यांकीजने बॉस्टन रेड सॉक्सकडून जो ड्यूगन हा तिसऱ्या बेसवरील खेळाडू घेतला आणि पुढे सेंट लुइस ब्राउन्सला अवघ्या एका सामन्याने मागे टाकून स्पर्धेतील दोन लीगपैकी अमेरिकन लीगचे विजेतेपद मिळवले. श्रीमंत संघ ऐन शर्यतीत हवा तो खेळाडू उचलतो, अशी ओरड झाली आणि १५ जून ही मुदत घालण्यात आली. १९८६पासून ती ३१ जुलै झाली. तरीही, इतर संघांना आधी हक्क सांगण्याची संधी देणाऱ्या ‘वेव्हर’ या वाटेने ऑगस्टमध्येही सौदे होत असत. ती वाट २०१९मध्ये बंद झाली. संघमालक व खेळाडूंची संघटना यांच्यातील २०२२च्या सामूहिक करारानुसार २८ जुलै ते ३ ऑगस्ट यांमधील एक दिवस लीगचा आयुक्त निश्चित करतो.

विचाराची सुरुवात गुणतक्त्यापासून होते. प्रत्येक संघाच्या १६२ सामन्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश सामने तोवर झालेले असतात आणि बाद फेरीत १२ संघांना जागा असते. बाद फेरीची आशा असलेला संघ खेळाडू घेतो आणि आशा मावळलेला विकतो. अडचण मधल्या संघांची असते. २०२२मध्ये बाद फेरीतील जागा १०वरून १२ झाल्यापासून असे दोलायमान संघ वाढले आहेत. परिणामी विकणारे कमी आणि भाव चढे, असे चित्र वारंवार दिसते.

किंमत ठरवताना खेळाडूच्या कौशल्याइतकेच वजन त्याच्यावरील हक्काच्या उरलेल्या काळाला असते. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडू मूळ संघाला बांधलेला असतो आणि पहिली सुमारे तीन वर्षे त्याला किमान वेतनाच्या आसपासच पैसे मिळतात. त्यामुळे कनिष्ठ लीगमध्ये तयार होत असलेला उमदा खेळाडू, म्हणजेच ‘प्रॉस्पेक्ट’, हे या बाजारातील खरे चलन आहे. याउलट, हंगाम संपताच ज्याचा करार संपतो त्या खेळाडूला ‘रेंटल’ म्हणतात. त्याच्याकडून दोन-तीन महिन्यांचा खेळ मिळतो, इतकेच. २०१६मध्ये शिकागो कब्जने आरोल्डिस चॅपमन या वेगवान पिचरसाठी (चेंडू फेकणाऱ्यासाठी) ग्लेबर टोरेस हा १९ वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आणि आणखी तीन खेळाडू यांकीजला दिले. कब्जने १९०८नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम विजेतेपदाची मालिका, जिंकली. चॅपमन त्याच हिवाळ्यात नवा करार करून यांकीजकडे परतला आणि टोरेस पुढे यांकीजकडून दोनदा ऑल-स्टार ठरला, म्हणजे हंगामातील निवडक खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्यासाठी निवडला गेला. यांकीजच्या बाजूने पाहता याहून चोख व्यवहार सापडणे कठीण. मात्र १०८ वर्षे वाट पाहिलेल्या शिकागोत त्याबद्दल कोणी फारशी कुरकुर केल्याचे दिसत नाही.

पैशाचाही भाग असतोच. विकणारा संघ खेळाडूच्या वेतनाचा वाटा स्वतः उचलून त्या बदल्यात अधिक चांगला प्रॉस्पेक्ट मागू शकतो. २०२३मध्ये न्यूयॉर्क मेट्सने मॅक्स शर्झरला टेक्सास रेंजर्सकडे पाठवताना हेच केले. खेळाडूची संमती मात्र सहसा लागत नाही, ही गोष्ट आयपीएलमधील अदलाबदल पाहणाऱ्यांना चमत्कारिक वाटेल. करारात तशी अट असलेले, किंवा दहा वर्षांची सेवा आणि त्यांतील शेवटची सलग पाच वर्षे एकाच संघात काढलेले खेळाडूच नकार देऊ शकतात. या व्यवस्थेचा मानवी भाग जुलै २०१५मध्ये सर्वांना दिसला. मेट्सचा विल्मर फ्लोरेस मिलवॉकीला गेल्याची बातमी सामना चालू असतानाच प्रेक्षकांत पसरली आणि तो मैदानावर उभा राहून डोळे पुसताना दूरचित्रवाणीवर दिसला. बदल्यात येणाऱ्या कार्लोस गोमेझच्या वैद्यकीय अहवालावरून शंका निघाली आणि सौदा मोडला. दोन दिवसांनी, मुदतीच्याच दिवशी, फ्लोरेसने वॉशिंग्टनविरुद्ध बाराव्या डावात विजयी होमरन मारला.

सौद्याचे मोल वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे दिसते. ऑगस्ट १९८७मध्ये, वेव्हरच्या वाटेने, डेट्रॉइट टायगर्सने ३६ वर्षांच्या डॉइल अलेक्झांडरसाठी २० वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ अटलांटाला दिला. अलेक्झांडरने नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही आणि टायगर्सने विभाग जिंकला. स्मोल्ट्झ मात्र पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, गेला. हा सौदा मूर्खपणाचा नमुना म्हणून सांगितला जातो, ते अन्यायाचे आहे. त्या शरदात डेट्रॉइटला जे हवे होते ते पुरेपूर मिळाले होते. स्वस्तातले सौदेही कधी भारी ठरतात. २०२१मध्ये मुख्य फलंदाज रोनाल्ड अकुन्या जखमी झाल्यावर जुलैमध्ये विजयांपेक्षा पराभव अधिक असूनही अटलांटा ब्रेव्हजने चार आउटफिल्डर (मैदानाच्या दूरच्या भागातले क्षेत्ररक्षक) घेतले. त्यांपैकी एडी रोझारिओच्या बदल्यात दिलेल्या पाब्लो सांडोवालला क्लीव्हलंडने लगेच मुक्त केले. रोझारिओ नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तर होर्हे सोलर वर्ल्ड सिरीजचा. उलट २०२३मध्ये लॉस एंजेलिस एंजल्सने शोहेई ओतानीला न विकता लुकास जिओलिटोसह नवे खेळाडू घेतले, ऑगस्टमध्ये संघ कोसळला आणि महिनाअखेरीस जिओलिटोलाही, सौद्याविना, हक्क सांगेल त्या संघासाठी वेव्हरवर सोडून द्यावे लागले. ओतानी डिसेंबरमध्ये डॉजर्सकडे गेला आणि एंजल्सच्या हाती भरपाई म्हणून ड्राफ्टमधील (नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडप्रक्रियेतील) एक निवड उरली.

विकणाऱ्याच्या बाजूचे सर्वांत मोठे अलीकडचे उदाहरण हुआन सोटोचे आहे. वॉशिंग्टन नॅशनल्सचा १५ वर्षांसाठी ४४ कोटी डॉलरचा प्रस्ताव नाकारलेल्या सोटोला, त्याच्यावरील हक्काचे अडीच हंगाम शिल्लक असतानाच, ऑगस्ट २०२२मध्ये सॅन डिएगो पाद्रेजकडे देण्यात आले. हक्क जितका लांब तितका मोबदला मोठा, हे त्यामागील गणित होते. सी. जे. एब्रम्स, मॅकेन्झी गोर आणि जेम्स वुड यांच्यासह सहा खेळाडू वॉशिंग्टनला मिळाले. एब्रम्स २०२४मध्ये, गोर आणि वुड २०२५मध्ये ऑल-स्टार झाले. संघ तरीही हरतच राहिला आणि हा सौदा करणारे जनरल मॅनेजर माइक रिझो यांना जुलै २०२५मध्ये, त्या वर्षीच्या मुदतीच्या तोंडावर, पदावरून दूर करण्यात आले.