फास्ट लोकलचं ध्येय

माझा मावसभाऊ डोंबिवलीला राहतो, नोकरी दादरला. सकाळी समोर फास्ट लोकल लागलेली असली तरी तो स्लो पकडतो. लोकलमध्ये संडास नसतो, आणि स्लो गाडीतून निदान दर तीन-चार मिनिटांनी उतरता तरी येतं. कुठल्या स्टेशनातलं स्वच्छतागृह सकाळी खरोखर उघडं असतं, हे त्याला पाठ आहे. सात वर्षांपासून त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराचा दाह. औषधांनी शांत राहतो, पण मुळापासून जात नाही.

एका जानेवारीत त्याने वहीत लिहिलं, ‘यंदा पोट पूर्ण बरं करायचं.’ मार्चमध्ये आजार उसळला आणि ते पान फाटून कचऱ्यात गेलं. जिद्द कमी पडली नव्हती, वाक्यच चुकलं होतं. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या आतड्यावर कधी उलटेल, हे ठरवून थोडंच होतं?

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, ‘या आजारामुळे काय करता येत नाही?’ तो पटकन म्हणाला, ‘फास्ट लोकल.’ आणि ओशाळला. ओशाळण्याचं कारण नव्हतं. निरोगी मलाशय पिशवीसारखं ताणलं जातं आणि मळ साठवून धरतं. दाह झालेलं मलाशय ताठर आणि हळवं होतं. थोडासा मळ आला तरी ‘आत्ताच्या आत्ता’ असा निरोप मेंदूकडे जातो. ही कळ दाबून धरणं इच्छाशक्तीचं काम नाही. त्यामुळे ‘फास्ट लोकल’ हे मलाशयाच्या तब्येतीचं बऱ्यापैकी प्रामाणिक मोजमाप आहे.

तज्ज्ञांनाही हे मान्य आहे. या आजारांत उपचारांनी नेमकं काय गाठायचं, याची ‘स्ट्राइड-२’ नावाची आंतरराष्ट्रीय शिफारस २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात आधी त्रास कमी होणं, मग रक्तातले आणि शौचातले दाहाचे आकडे उतरणं, आणि दूरचं ध्येय म्हणून दुर्बिणीतून दिसणारं अस्तर भरून येणं, असे टप्पे आहेत. त्या दूरच्या ध्येयांच्या रांगेतच नेहमीसारखं जगता येणं हेही लिहिलेलं आहे.

मात्र बरं वाटणं आणि आतून बरं होणं यांची गल्लत इथेच होते. कळ थांबली तरी अस्तरावर दाह धुमसत असू शकतो. उलट अस्तर भरून आल्यावरही काहींचं पोट कुरकुरत राहतं. म्हणून त्याच्या ध्येयांच्या यादीत लोकलशेजारी कॅल्प्रोटेक्टिन आलं. दाहाच्या जागी धावून जाणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमध्ये हे प्रथिन भरपूर असतं. आतड्यातल्या जिवाणूंना ते सहज मोडता येत नाही, त्यामुळे शौचाच्या नमुन्यात ते मोजता येतं. निरोगी प्रौढांमध्ये ते साधारणपणे ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असतं. उपचारात १०० ते २५० पर्यंत उतरवणं हा मधला टप्पा. डबी घेऊन लॅबमध्ये जायची लाज त्याला अजून वाटते. दुर्बिणीच्या फेऱ्या कमी होतात म्हटल्यावर जातो. (इब्युप्रोफेनसारख्या गोळीनेही हा आकडा चढतो, तेव्हा डोकेदुखीवर काय घेतलं ते डॉक्टरांना सांगावं.)

पण आकडा हा निकाल झाला. रोज हातात असते ती गोळी. मेसालामाइन हे या आजारावरचं नेहमीचं औषध घेऊन आजार शांत असलेल्या ९९ रुग्णांचा एक अमेरिकन अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी ८० टक्के तरी औषध उचललं, त्यांचा आजार शांत राहण्याची शक्यता ८९ टक्के निघाली, बाकीच्यांची ३९. तीस दिवसांत सहाहून जास्त दिवस चुकले की आपण दुसऱ्या गटात. भावाने कॅलेंडरवर फक्त चुकलेल्या दिवसांवर फुली मारायला सुरुवात केली. सहा फुल्यांपर्यंत स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत, हेही ठरलं.

खाण्याबद्दल ध्येय ठरवायला मात्र मी त्याला अडवलं. आधीच दूध, गहू, डाळ, मिरची बंद करून तो मऊ भातावर आला होता आणि वजन उतरत होतं. आजार उसळलेला असताना भाकरी-मेथी बाजूला ठेवणं समजू शकतं, पण शांत काळातही एकेक पदार्थ हद्दपार करत गेलं तर कुपोषण ठरलेलं. सगळ्यांना लागू पडणारा कोलायटिसचा आहार अजून तरी सिद्ध झालेला नाही.

पाकिटात त्याने एक चिठ्ठी ठेवली आहे, वाईट दिवसासाठी. ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी १९५५ मध्ये तीव्र आजाराचे निकष लिहिले, ते आजही वापरात आहेत. त्यांवरून: दिवसात सहा किंवा अधिक वेळा रक्त पडतंय, आणि जोडीला ताप ३७.८ अंश सेल्सियसच्या वर किंवा नाडी ९०च्या वर, तर थेट हॉस्पिटल. त्या दिवशी कॅलेंडर, लोकल, सगळं रद्द.

गेल्या महिन्यात कॅल्प्रोटेक्टिन १४० आलं. तरी फास्ट लोकलचं नाव काढलं की हातापायाला घाम. शरीर निवळलं तरी भीती मागे राहते, तिला बेताबेताने सवय लावावी लागते. म्हणून सुरुवात फक्त ठाणे ते घाटकोपर, तीही रविवारी. मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी खिडकीतून मागे पडताना तो दाराजवळचा दांडा घट्ट धरून उभा होता, बसायला जागा असून. घाटकोपरला उतरला, एक कटिंग प्यायला आणि परतीला स्लो पकडली.