काट्याला दिसतात ते फक्त ओहम

मे महिन्यात अमळनेरला मामांच्या जुन्या पेट्रोल जीपला नवं फ्युएल गेज बसवलं. जुनं कधीचंच मेलं होतं. पंपावर टाकी काठोकाठ भरून चावी फिरवली, तर काटा पाव खुणेच्या जरासा वर जाऊन थांबला. मामा म्हणाले, "टाकी ते भरेल शे, मंग काटा खाले काबरं?" मिस्त्रीचं म्हणणं, चालवा, काटा बसेल आपोआप. चालवली. दिवसागणिक काटा वर वर चढत गेला, पार 'फुल'च्या पलीकडे टेकला, आणि पारोळ्याच्या अलीकडे भर उन्हात जीप बंद पडली. टाकी कोरडी ठणठणीत.

गेज चांगलं होतं, टाकीतलं पेट्रोलची पातळी मोजणारं युनिटही चांगलं होतं. दोघांची जोडी चुकली होती. जुन्या गाड्या जपणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा नीट समजून घ्यावं, कारण चुकीचा काटा बंद काट्यापेक्षा जास्त घात करतो. बंद काट्यावर कोणी विसंबत तरी नाही.

या युनिटचा फ्लोट टाकीत पेट्रोलवर तरंगत असतो. त्याच्या दांडीच्या दुसऱ्या टोकाला छोटा ब्रश असतो आणि तो बारीक तारेच्या वेटोळ्यावर घासत सरकतो. फ्लोट वरखाली झाला की करंटच्या वाटेत येणारी तारेची लांबी बदलते, म्हणजे रोध बदलतो. गेओर्ग ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ साली मांडलेला नियम इथे कामाला येतो: व्होल्टेज तेवढंच राहिलं आणि रोध वाढला, तर करंट कमी होतो. गेजमधून निघालेला करंट या तारेतून चॅसिसवर उतरतो आणि त्याच्या कमीजास्तपणावर काटा हलतो. आपल्याकडे विहिरीत दोर सोडून 'दोन परस पाणी आहे' म्हणतात. दोराला खोली कळते, लिटर कळत नाहीत. गेज तर त्याहून एक पायरी लांब. त्याला खोलीही कळत नाही, फक्त ओहम, म्हणजे रोधाचं माप, कळतं.

आणि कोणत्या ओहमला 'रिकामी' म्हणायचं, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. १९६५ ते १९९०च्या दशकापर्यंतच्या जनरल मोटर्सच्या बहुतेक गाड्यांत रिकाम्या टाकीला ० आणि भरलेल्या टाकीला ९० ओहम. जुन्या फोर्ड आणि क्रायस्लरमध्ये उलटं, रिकामीला ७३ आणि भरलेलीला १०. व्हीडीओ (VDO) या जर्मन बनावटीत रिकामीला १० आणि भरलेलीला १८०. बाजारात 'युनिव्हर्सल' म्हणून मिळणारी बरीच गेजं २४० रिकामी, ३३ भरलेली या मापाची असतात. नाव युनिव्हर्सल असलं तरी ती चालतात त्याच मापाच्या युनिटबरोबर.

मामांच्या अंगणात आम्ही युनिट टाकीतून काढलं. चूल लांब, बिडी बंद, बॅटरीची तार सोडलेली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचून राहते, म्हणून ही काळजी अजिबात सोडू नये. निंबाखाली गोणपाटावर युनिट ठेवलं आणि मल्टिमीटरचं एक टोक तारेच्या स्क्रूला, दुसरं युनिटच्या पत्र्याला लावलं. दांडी पूर्ण खाली असताना ९, पूर्ण वर नेली तर १७८. म्हणजे माप १० ते १८०चं. नवं गेज मात्र २४० ते ३३चं. कोडं तिथेच सुटलं. भरलेल्या टाकीचे १८० ओहम त्या गेजच्या हिशेबात साधारण २९ टक्के, आणि रिकाम्या टाकीचे १० ओहम म्हणजे फुलच्याही पलीकडे.

मिस्त्रीने सुचवलं, मध्ये एखादा रेझिस्टर टाकू. उलट्या जोडीला तो इलाज नाही. रेझिस्टर, म्हणजे ठरावीक रोधाचा तुकडा, सिरीजमध्ये (एकापुढे एक) घाला की पॅरलल (शेजारी-शेजारी), युनिटचा रोध वाढला की एकूण रोधही वाढणारच. दिशा उलटत नाही. मग तो म्हणाला, माझ्याकडे ० ते ९०चं एक गेज पडलंय. तिथे दिशा तरी जुळत होती. युनिटला १८० ओहमचा रेझिस्टर पॅरलल जोडला, तर भरलेल्या टाकीला बरोबर ९० येतात आणि रिकामीला साडेनऊ. दोन्ही टोकं जवळपास जमली म्हणून तो खूश झाला. मी मधला हिशेब कागदावर मांडला. अर्ध्या टाकीला युनिट ९५ दाखवतं, पॅरललमध्ये त्याचे ६२ होतात. हवे होते ४५. पाव टाकीला ४१ येतात. काटा ओहमच्या प्रमाणात सरकतो असं धरलं, तर पाव टाकी उरली असताना तो जवळजवळ अर्ध्यावर उभा राहणार. रात्री धुळ्याहून परतताना एवढी चूक पुरे होते. शेवटी १० ते १८०चंच गेज मागवलं.

ते बसवतानाही एक गोष्ट राहिलीच होती. युनिटची अर्थिंग गंजलेल्या स्क्रूवर होती आणि तिथे वीस ओहमचा जादा रोध निघाला. २४० ते ३३च्या मापात असा जादा रोध काटा खाली ओढतो, माणूस लवकर पंपावर जातो, नुकसान काही नाही. १० ते १८०च्या मापात तोच रोध पेट्रोल आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. तार पूर्ण तुटली तर काटा थेट फुलवर जाऊन बसतो. म्हणून या मापाच्या गाडीत काटा एकाएकी फुलवर गेला, तर आधी तार आणि अर्थ तपासावी. आम्ही स्क्रूखालचा पत्रा कानशीने घासून चकचकीत केला आणि चॅसिसपर्यंत वेगळी जाड तार ओढली.

मग रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर ओतत गेलो. प्रत्येक वेळी जीप सपाटीवर उभी, चावी चालू करायची, काटा स्थिर होईपर्यंत थांबायचं. गेजच्या कडेला मामांनी कागदाची पट्टी चिकटवली आणि बॉलपेनने एकेक रेघ मारली. रेघा सारख्या अंतरावर आल्या नाहीत. तळाशी टाकी निमुळती आहे, तिथे त्या विरळ पडल्या. सर्वांत खालच्या रेघेपुढे मामांनी लिहिलं, 'पाच लिटर'.