लाइन (इंग्रजी शब्दजोड्या)

लाइन हे इंग्रजीतलं रोजच्या वापरातलं नाम, आणि ते ज्या ठरावीक शब्दांना चिकटून सारखं येतं त्या त्याच्या शब्दजोड्या. भाषाशास्त्रात याला कोलोकेशन म्हणतात. ही कल्पना रुजवली जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञांनी, जे १९२० च्या दशकात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते, आणि शब्द ओळखायचा तर त्याची संगत बघा हे त्यांचं १९५७ सालचं म्हणणं. लाइनला ते फारच लागू पडतं, कारण नुसतं लाइन म्हटलं तर रेघ, रांग, दोरी, तार, ओळ, मार्ग, धंदा, घराणं यातलं नेमकं काय ते कळायला मार्ग नाही. मूळ शब्द लॅटिनमधला, जवसाच्या धाग्यावरून आलेला, म्हणजे कपडे वाळत घालायची क्लोदजलाइन आणि गळाची फिशिंग लाइन हेच खरे जुने अर्थ, बाकीचे नंतर जोडले गेले.

पुण्यात हा शब्द इंग्रजी न येणाऱ्यांच्याही तोंडी असतो. वनाज ते रामवाडी अ‍ॅक्वा लाइन, पिंपरी ते स्वारगेट पर्पल लाइन, दोन्ही सिव्हिल कोर्टला भेटतात, इथे लाइन म्हणजे मार्ग. मुंबईला जाताना खंडाळ्याच्या घाटात अप, डाऊन आणि मिडल अशा तीन लाइनी, त्या रूळ. शिवाजीनगरची पोलीस लाइन म्हणजे क्वार्टर्स, तिथे वाढलेला तो लाइन बॉय. महावितरणचा लाइनमन तारेचा.

सगळ्यात मजा रेड लाइनची. सिंहगड रोडला नदीजवळ फ्लॅट बघायला गेलात की कोणीतरी विचारतंच, ब्लू लाइनमध्ये येतं का हो? निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, निळीच्या आत बांधकामाला मनाई आणि निळी ते लाल या पट्ट्यात अटी घालून परवानगी. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत घरात पाणी शिरलं तेव्हा हे दोन शब्द पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आले. पण इंग्रजी बातमीत क्रॉस द रेड लाइन आलं तर नदीचा काही संबंध नसतो, एखादा देश दुसऱ्याला बजावतोय की इथून पुढे आलात तर खपवून घेणार नाही. आणि दिल्लीकराला विचाराल तर रेड लाइन म्हणजे त्याची मेट्रो. विशेषण तेच, नाम तेच, अर्थ तीन.

क्रियापद बदललं की अजून वेगळं. ड्रॉ द लाइन म्हणजे आता बास, इथवरच. होल्ड द लाइन फोनवर म्हणजे जरा थांबा, आणि रणांगणावर म्हणजे मागे हटू नका. टो द लाइन म्हणजे वरून जे ठरलंय ते मुकाट्याने पाळणं, यातला टो पायाच्या बोटाचा, अंगठा रेघेला लावून उभं राहायचं, गाडी टोइंगवाले उचलून नेतात तो टो नाही (नो पार्किंगमुळे पुणेकरांच्या डोक्यात तोच पहिला येतो, इलाज नाही). पार्टी लाइन म्हणजे पक्षाची अधिकृत भूमिका, आणि पूर्वी अनेक घरांत मिळून एकच फोनची तार असायची तिलाही हेच नाव. डेडलाइन अमेरिकन यादवी युद्धातल्या कैद्यांच्या छावणीतून आली, ती रेघ ओलांडली की गोळी. आता ऑफिसवाले तो शब्द कसल्याही फाइलला लावतात.

छोटे शब्द जास्त फसवतात. शी इज ऑन द लाइन म्हणजे ती फोनवर आहे, हर जॉब इज ऑन द लाइन म्हणजे तिची नोकरी पणाला लागलीय. इन लाइन विथ म्हणजे अमुकला धरून, आउट ऑफ लाइन म्हणजे वागणं मर्यादा सोडून.

आपल्याकडच्या काही जोड्या मात्र बाहेर चालत नाहीत. अकरावीला सायन्स लाइन घेतली, मुलगा आयटी लाइनला आहे, हे आपल्यात सगळ्यांना कळतं, पण बाहेरचा इंग्रज पहिल्याला स्ट्रीम म्हणेल आणि दुसऱ्यासाठी लाइन ऑफ वर्क असं पूर्ण म्हणेल. लाइन मारणे तर शब्दशः नेताच येत नाही, तिथे पिकअप लाइन असते, ती ओळख वाढवायला टाकलेलं वाक्य. आणि गिव्ह समवन अ लाइन म्हणजे त्याला थाप मारणं, लाइन देणं नव्हे, त्यामुळे जपून.

रांग या अर्थी लाइन मुख्यतः अमेरिकन, ब्रिटिश माणूस क्यू म्हणतो, आपण दोन्ही म्हणतो आणि मध्ये घुसतो. न्यूयॉर्कची माणसं तर रांगेत उभं असण्यालाच ऑन लाइन म्हणतात, इंटरनेट यायच्या कितीतरी आधीपासून.