टामा काउंटी आणि मेस्क्वाकींची ८० एकर जमीन

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली टामा काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, आज मका आणि सोयाबीन पिकवणारा शेतीचा मुलूख आहे. या काउंटीच्या जन्मकथेत बहुधा गोऱ्या वसाहतकऱ्यांचीच नावे पुढे येतात. पण तिथला सर्वांत महत्त्वाचा जमीनव्यवहार मेस्क्वाकी या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांनी केला.

१८३२ मध्ये सॉक जमातीचा नेता ब्लॅक हॉक अमेरिकी सैन्याशी लढून हरला. या ब्लॅक हॉक युद्धानंतर मिसिसिपी नदीच्या पश्चिमेची जमीन टप्प्याटप्प्याने मूळ रहिवाशांच्या हातून गेली. १८४२ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या करारात सॉक आणि मेस्क्वाकींना मध्य आयोवाही सोडावा लागला. १८४५ पर्यंत त्यांनी कॅन्ससकडे निघून जायचे, असे ठरले. मधल्या काळातच, १८४३ मध्ये, कागदावर काउंटीच्या सीमा आखल्या गेल्या आणि तिला टाइमा या मेस्क्वाकी नेत्याचेच नाव देण्यात आले. सरकारी मोजणीने सगळी जमीन चौकोनांत कापली: सहा मैल लांबीरुंदीची टाउनशिप, तिचे ३६ तुकडे, प्रत्येक ६४० एकरांचा. सरकारी भाव एकरी सव्वा डॉलर. १८५३ मध्ये काउंटीचा कारभार सुरू झाला आणि टोलेडो हे तिचे मुख्य ठिकाण ठरले.

सगळे मेस्क्वाकी मात्र गेले नव्हते. काही जण आयोवा नदीकाठच्या झाडीत लपून राहिले, काही कॅन्ससहून परतले. वाकवलेल्या काठ्यांच्या सांगाड्यावर पाणकणसाच्या पात्यांच्या चटया घालून ते हिवाळ्याची घरे उभारत. १८५६ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने त्यांना टामा काउंटीत राहायला कायद्याने परवानगी दिली. पुढच्याच वर्षी, जुलै १८५७ मध्ये, त्यांनी नदीकाठची ८० एकर जमीन १,००० डॉलरला विकत घेतली, म्हणजे एकरी साडेबारा डॉलर, सरकारी भावाच्या दहापट. त्यासाठी त्यांनी घोडी विकली. ज्या प्रदेशातून त्यांना हुसकावले, तिथलाच एक तुकडा त्यांनी पदरचे पैसे मोजून परत मिळवला, ही गोष्ट मला या काउंटीच्या इतिहासाचा गाभा वाटते. मालकी विश्वस्त म्हणून गव्हर्नर जेम्स ग्राइम्स यांच्या नावे राहिली.

या परतण्याची शिक्षाही झाली. करारानुसार देय असलेली वार्षिक रक्कम केंद्र सरकारने अडवून धरली. ती १८६७ मध्ये पुन्हा सुरू झाली. तोवर शिकार, सापळे लावून मिळवलेली कातडी आणि थोडाफार मका यांवर त्यांनी दिवस काढले. हाती पैसा येताच त्यांनी शेजारची जमीन घ्यायला सुरुवात केली. आज त्यांच्याकडे ८,००० एकरांहून अधिक जमीन आहे.